खारा हात

"मग गंज आला कुठून, उस्ताद?"

लतीफ उस्ताद सुपातले तांदूळ निवडत होते. मान वर न करता त्यांनी एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

"आधी बस तरी. आल्या आल्या हजेरी घेतेस माझी."

हर्षाली बसली. हातातली लांबट पेटी तिनं झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी चटईवर ठेवली. एक टोक आधी, मग दुसरं.

दुपार होती. खाली खाडीला ओहोटी लागलेली, चिखल उघडा पडलेला. टेकडीवर पिराचा दर्गा, दर्ग्यापुढे पत्र्याची पडवी, पडवीत उस्ताद.

एके काळी ते फौजेत नेमबाजी शिकवायचे. मग तालुक्याच्या रायफल क्लबात पोरापोरींना शिकवू लागले. आता दर्ग्याची झाडलोट करत, गुरुवारच्या भाताचे तांदूळ निवडत, आणि कुणी विचारलंच तर उत्तर देत. लोक त्यांना लग्नाचं विचारायला येत, नोकरीचं विचारायला येत. हर्षाली गंजाचं विचारायला आली होती.

"सगळं केलंय मी," ती म्हणाली. "एकही गोष्ट सोडली नाही."

"काय काय केलंस?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच ती टेकडी चढली होती.

"तिजोरी जाड पत्र्याची घेतली. दाराला रबर, म्हणजे बाहेरची हवा आत जायला नको. आत ओल मोजायचं यंत्र. पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, पन्नास म्हणजे डोक्यावरून पाणी. ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, निळ्या दाण्यांच्या. त्या ओल प्यायल्या की गुलाबी होतात, मग तव्यावर भाजायच्या, परत निळ्या झाल्या की परत आत. तिजोरी भिंतीला टेकवली नाही. खाली लाकडाचे ठोकळे दिले. आत फोम होता तो फाडून काढला, कारण फोम ओल धरतो. चामड्याची खोळ काढली, चामडंही धरतं…"

"श्वास घे."

तिनं घेतला.

"तांदळाची पुरचुंडी नाही ठेवलीस?" उस्तादांनी सूप पुढे केलं. "ने यातले."

"तांदळाचा काही उपयोग नसतो, उस्ताद. नुसता समज आहे तो."

"असं होय." त्यांनी सूप मागे घेतलं. "मग आम्ही खातो."

हर्षालीला हसू आलं नाही. अलीकडे ते तिला जरा उशिराच येई. दोन वर्षांचं मूल घरात असलं की बाई प्रत्येक वाक्य आधी तपासून बघते, यात काही टोकदार आहे का, गिळण्यासारखं आहे का.

"एवढी निगा," उस्ताद म्हणाले, "बाळंतिणीच्या खोलीची नाही ठेवत कुणी."

"बाळंतिणीच्या खोलीचीही ठेवली होती. ओल मोजायचं यंत्र आधी तिथंच होतं."

आता उस्ताद हसले. तिच्या मानानं ते फारच मोठ्यानं हसले.

"आणि तरी गंज."

"तरी गंज," ती म्हणाली. "तोही रायफलीच्या नळीवर. ही रेवासाठी ठेवायचीय मला, उस्ताद. ती मोठी होईपर्यंत. नळी गेली तर उरतं काय? लाकूड."

"रेवा कोण?"

"माझी मुलगी."

"ती नेमबाजी करणार?"

"माहीत नाही."

"तिला विचारलंस?"

"ती अजून 'र' म्हणत नाही, उस्ताद. स्वतःला लेवा म्हणते."

"हं… म्हणजे बराच वेळ आहे."

ते पुन्हा तांदळात वाकले.

हर्षाली वाट बघत राहिली. पूर्वी रेंजवरही ते असंच करायचे. नेम चुकला की बोलायचे नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या पट्ट्याचं बक्कल नीट करायला निघून जायचे. ज्याचा नेम चुकला तो तिथंच उभा, आपल्याच चुकीशेजारी.

"तिजोरी कुठं असते?" त्यांनी मध्येच विचारलं. "तुझ्या घरी?"

"नाही. इथंच, गावात. बाबांच्या घरी."

"का?"

"रेवा रांगायला लागली. दिसेल त्या दाराशी जायची, दिसेल ती कडी ओढायची. कुलूप होतं, किल्ली माझ्या गळ्यात होती, तरी मला झोप लागेना. रात्रीतून उठून कुलूप ओढून बघायचे. मग हे म्हणाले, एक तर तिजोरी जाईल या घरातून, नाही तर मी. म्हणून बाबांकडे आणून ठेवली."

"आणि पुड्या?"

"बाबांना शिकवलं. फोनवरही परत परत सांगायचे. दर रविवारी काटा बघा, पुड्यांचा रंग बघा, गुलाबी दिसल्या की भाजा. बाकी कशाला हात लावू नका."

उस्तादांची बोटं सुपात थांबली.

"त्यांनी केलं असेलच नीट," ती घाईनं म्हणाली. "म्हणजे… आई म्हणते, करायचे. तिचा तवा बिघडवला म्हणून अजून बोलते. पण वयच झालं होतं, आणि शेवटी आजारपण. एखादा रविवार राहिला असेल. एखाद्या वेळी दार नीट लागलं नसेल. मी त्यांना दोष देत नाहीये."

"नाहीच देत."

"आता ते नाहीत, तर काय दोष द्यायचा?"

"तेच तर."

तिचे वडील, हिराजी म्हात्रे, गेल्या कार्तिकात गेले. यंदा त्यांचं पहिलं श्राद्ध होतं, त्यासाठी ती माहेरी आली होती. पितरांचं पान ठेवून झालं, कावळा शिवला, मंडळी जेवून पांगली, आणि तिनं सहज म्हणून तिजोरी उघडली. काटा बरोबर पंचेचाळिसावर होता. पुड्या निळ्या होत्या, बाबांमागे आई त्या भाजत होती. रायफल उभी होती, आणि नळीवर तांबूस डाग होते.

तिनं तेव्हापासून यंत्र बदललं होतं, दाराचं रबर कागदाची पट्टी अडकवून तपासलं होतं, आणि भिंतीची ओल हातानं चाचपून पाहिली होती.

"उघड," उस्ताद म्हणाले.

तिनं पेटीचे खटके उघडले. आत फलालीनच्या कापडात स्पर्धेची एअर रायफल होती. याच रायफलीनं तिनं राज्यात पदक घेतलं होतं. लग्नानंतरही दोन वर्षं ती खेळली होती, आणि मग नाही.

उस्तादांनी हात पंच्याला पुसले. मग पंच्याचंच टोक हातात धरून, त्यातून त्यांनी रायफल उचलली. उजेडाकडे नेली. डोळे बारीक केले.

"बाकी सगळी लख्ख आहे."

"हो."

"घोडा लख्ख. तळ लख्ख. नळीचं तोंड लख्ख." ते थांबले. "हवेनं गंज आला असता तर हवा एवढीच जागा निवडून बसली असती का, इंजिनियर बाई?"

श्राद्धापासूनच्या तीन दिवसांत हर्षालीनं हवा सोडून काही बघितलंच नव्हतं.

"थेंब पडले असतील," ती म्हणाली. "पुडी काढताना. किंवा छप्पर…"

"बघ नीट."

"डागच आहेत, उस्ताद."

"वाच की. नेम धरताना वारा वाचायचीस, हे वाचता येत नाही?"

त्यांनी रायफल तिच्यासमोर आडवी धरली आणि सावकाश फिरवली. नळीच्या एका अंगाला एक डाग होता, मोठा, लांबट. दुसऱ्या अंगाला ओळीनं चार. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर.

"हा हात आहे," उस्ताद म्हणाले.

"माझा?"

"लावून बघ. वरच्यावर. टेकवू नकोस."

तिनं आपला हात त्या डागांवर, नळीपासून केसभर अंतरावर धरला. डाग तिच्या बोटांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर उरले. माणूस मोठ्या हाताचा होता.

"मोज बोटं."

"एक… दोन… तीन…"

चौथा डाग तोकडा होता. इतरांच्या निम्म्यावर तो संपला होता, जरा वाकडा होऊन.

हर्षालीनं हात मागे घेतला.

खाली चिखलात एक बगळा पाय उचलून उभा होता. तो पाय त्यानं सावकाश खाली ठेवला.

"बाबांची करंगळी," ती म्हणाली. "मिठागरात पाणी घ्यायच्या उघाडीची फळी पडली होती तिच्यावर. मी चौथीत होते. वरचं पेर गेलं."

"माहीत आहे."

"पण बाबांनी कधी… उस्ताद, बाबांनी हिला कधीच हात लावला नाही. कधीच नाही. तुम्हाला नाही माहीत."

"मला काय माहीत नाही?"

आणि मग ती बोलत सुटली. श्राद्धाच्या दिवसांत बोलू नये ते सगळं बोलली. ते सगळं इतकी वर्षं कोरड्या जागी नीट ठेवलेलं होतं. एकही शब्द खराब झाला नव्हता.

"सगळ्यांचे बाप पोरींच्या रायफली उचलायचे. बसमधून उतरलं की दुसऱ्यांचे बाबा खांद्याला रायफल मारून पुढे, पोरी मागून चिवडा खात. माझे बाबा डबा घ्यायचे. पाण्याची बाटली घ्यायचे. चपला तुटल्या तर चपला घ्यायचे. रायफल मी घ्यायची. तेरा वर्षांची होते मी. लोक म्हणायचे, अरे हिराजी, पोरीला हमाल केलास काय? बाबा नुसते हसायचे."

"हसायचा खरा."

"रेंजवर आले तर पार मागं, चिंचेखाली उभे. हात पाठीमागं बांधून. पदक मिळालं तेव्हा पेपरवाला आला होता. म्हणाला, बाबा, तुम्हीपण धरा रायफल, दोघांचा फोटो काढतो. बाबांनी हात मागं नेले. मी म्हटलं, धरा ना. त्यांनी मान हलवली. सगळे बघत होते, उस्ताद. मी म्हटलं… मी सगळ्यांसमोर म्हटलं, राहू द्या हो, त्यांना लाज वाटते माझी. पोरीनं बंदूक धरलेली पटत नाही त्यांना."

"मग?"

"मग काय. फोटोत मी एकटीच आहे."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. परत येताना विचारलं, वडापाव खातेस काय."

उस्तादांनी रायफल पंच्यासकट मांडीवर घेतली.

"आणि आई परवा म्हणाली," हर्षालीचा आवाज आता बारीक झाला होता, "की तिजोरी उघडायच्या आधी ते साबणानं हात धुवायचे. पुसायचे. वर पंचा गुंडाळायचे. दर रविवारी. मला वाटलं, इतका विटाळ?"

"मिठागरात काम केलं कधी तू?"

"नाही. बाबा बांधाच्या आत येऊ द्यायचे नाहीत. पाय चिरतील म्हणायचे."

"तिथली अवजारं कशाची असतात?"

"लाकडाची."

"सगळी?"

"सगळी. फावडं लाकडाचं, दाताळं लाकडाचं. लोखंड टिकतच नाही ना ति…"

ती थांबली.

"तू क्लबात आलीस त्या दिवशी," ते सावकाश म्हणाले, "हिराजी आला होता सोबत. मी त्याला क्लबची जुनी रायफल धरायला दिली. बापानं आधी धरून बघावी, म्हणजे पोरीला धीर येतो. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. म्हणाला, उस्ताद, माझा हात खारा हाय. घरात विळी धरली तर विळीला चढतो, कुलूप धरलं तर कुलपाला चढतो. बायको मला अडकित्त्याला शिवू देत नाय. तुमीच धरा."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला काय बोलणार? माझ्या हातानं तुझं लोखंड नासेल, असं सांगतं का कुणी पोरीला?"

"पण रायफल खोळीत असायची. खोळीवरून धरता आली असती की."

"ते विचारलं त्यानं. खोळ कापडी होती तेव्हा. म्हणाला, खोळीतून आत जातो काय खार? मी म्हटलं, घाम आहे, जातो." उस्ताद थोडे थांबले. "एवढंच त्यानं विचारलं. एवढंच मी सांगितलं. पुढच्या रविवारी बघतो तर पोरगी वाकून रायफल वाहतेय आणि हा मागून डबा घेऊन…"

हर्षालीनं नळीकडं बघितलं. मग दुसरीकडं. मग पुन्हा नळीकडं.

"मग ही का धरली, उस्ताद?"

"कधी धरली असेल?"

"शेवटी शेवटी एकदा त्यांनी आईला दुकानात पाठवलं होतं. खडीसाखर आण म्हणाले. खडीसाखर कधी खायचे नाहीत ते. ती परत आली तर खोलीचं दार आतून लावलेलं. आई घाबरली, दार ठोकलं. त्यांनी उघडलं. काही झालं नव्हतं म्हणे. घामेजले होते नुसते, खाटेवर बसून राहिले. तिजोरीची किल्ली खिळ्यालाच होती."

"हं."

"का धरली असेल पण? उघड्या हातानं? एवढी वर्षं सांभाळून…"

"तू कशाला धरायचीस?"

"मी? मला… बरं वाटायचं. हातात आली की."

तिच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळलं. उस्तादांनी झटकन रायफल बाजूला ओढली.

"डोळे तिकडं कर. नळीवर नको. तेही मीठच."

ती हसली आणि मग नीटच रडली. पदर नव्हता, तर ओढणीनं, ओढणीचं टोक सापडेना तर मनगटानं. उस्तादांनी सूप आणखी जरा लांब सरकवलं, तांदूळ भिजू नयेत म्हणून, किंवा तिला जागा व्हावी म्हणून.

मग ते उठले. आतून एक बाटली घेऊन आले, शिवणयंत्राच्या तेलाची. नारळाच्या काथ्याचा मऊ बोळाही होता. खाली बसून त्यांनी बोळ्यावर तेल सोडलं, रायफल मांडीवर उलटी घेतली आणि अंगठ्याच्या डागावर बोळा टेकवला.

"थांबा!"

ती एवढ्या जोरात ओरडली की खालचा बगळा उडाला.

उस्ताद थांबले. बोळा नळीवर तसाच.

"काय झालं?"

"नका पुसू."

"आल्यापासून गंज गंज करतेस."

"मला माहीत नव्हतं तेव्हा."

"आता काय माहीत झालं? गंज तोच आहे."

"उस्ताद…" ती गुडघ्यांवर पुढं सरकली. "हा असाच ठेवता येईल? म्हणजे आहे एवढाच. वाढायला नको, जायला नको. तिजोरीत हवा कोरडी ठेवते. पंचेचाळीस नाही, तीसवर आणते. आत गरम राहणारा दांडा बसवते, तसा मिळतो. पुड्या रोज भाजते. आईवर सोडत नाही, मी स्वतः भाजते. इथं येऊन राहते हवं तर."

उस्तादांनी तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. रेंजवर असं ते बघत नसत.

"मीठ आत बसलंय त्याच्यात," ते म्हणाले. "हवा कितीही कोरडी कर, ते कुठून तरी ओढणार. आतून खात जाणार. एक तर हा जाईल, नाही तर नळी."

"हळूहळू जाईल ना पण?"

"हळूहळूच जाईल."

"मग रेवा मोठी होईपर्यंत…"

"तोवर हात पण नाही दिसायचा आणि नळी पण नाही राहायची. नुसता गंज राहील. तो कुणाचाही असतो."

पत्र्यावर कावळा येऊन बसला. पत्रा वाजला. दोघांनीही वर बघितलं नाही.

"फोटो काढू?" तिनं विचारलं.

"काढ."

तिनं पर्समधून मोबाइल काढला. नळीवर धरला. मोबाइलमध्ये नुसते तांबूस ठिपके दिसत होते, भांड्याला असतात तसे. तिनं तो न काढताच खाली ठेवला.

"द्या," ती म्हणाली. "मी पुसते."

उस्तादांनी रायफल तिच्या मांडीवर दिली. बोळा हातात दिला.

तिनं अंगठ्यापासून सुरुवात केली. जोर केला नाही. रेवाचं नाक पुसताना करते तेवढाच जोर. तेल आधी पिवळं होतं, मग तांबडं झालं. काथ्याला रंग चढत गेला. अंगठा गेला. पहिलं बोट गेलं. मधलं जरा हट्टी होतं, तिथं तिला थांबून पुन्हा तेल घ्यावं लागलं. तिसरं गेलं.

करंगळीशी तिचा हात अडला.

उस्ताद खाडीकडं बघत होते. भरती लागली होती. चिखलातल्या चरांमधून पाणी आत सरकत होतं, आवाज न करता.

"हे एवढंसंच आहे, उस्ताद."

"हो."

"एवढ्याशानंही नळी जाते?"

"जाते."

तिनं ओठ आत घेतले. बोळा टेकवला. एकदा, दोनदा, आणि मग पोलाद वर आलं.

तिनं त्या जागेवरून बोट फिरवलं. दिसत काही नव्हतं. बोटाला मात्र तिथं किंचित खरखर लागत होती, बारीक खड्ड्यांची, मांजराच्या जिभेसारखी. तिनं पुन्हा फिरवलं. मग उस्तादांकडं बघितलं.

"लागतंय," ती म्हणाली.

"लागणार."

त्यांनी कोरडं कापड दिलं. तिनं नळी पुसली, वर तेलाचा पातळ हात फिरवला, उजेडात धरून बघितली. लख्ख होती. तेरा वर्षांच्या मुलीनं खांद्यावर घेऊन चालावी इतकी लख्ख. तिला ती आता फार जड वाटली.

"आता चुकायची नाही मी," ती म्हणाली. आवाज पुन्हा तिचा, नेहमीचा झाला होता, कडेनं थोडा ओला. "कळलं ना आता, हवेचा दोष नव्हता. हाताचा होता."

उस्ताद सुपाकडं वळले.

ती फलालीन गुंडाळू लागली. एक वेढा. दुसरा वेढा. टोकं आत दुमडली. पेटीत ठेवली, एक टोक आधी, मग दुसरं. खटके लावले. लावलेले खटके ओढून बघितले.

"आता रेवा मोठी होईपर्यंत हिला कुणाचा हात लागू देणार नाही, उस्ताद. माझासुद्धा नाही."

उस्तादांनी सुपातून एक खडा वेचला. तो बोटांत धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले…

"हिराजीनं तेच केलं, बाय."